जीपीएसची गाठ सुकाणूशी

शिडाच्या नौकेवरचा ऑटोपायलट एकटा असला, की होकायंत्राकडे बघून एकच दिशा धरतो. प्रवाहाने नौका बाजूला ढकलली तरी नाळ ठरलेल्या अंशावरच. त्याच्या लेखी सगळं आलबेल. जीपीएसवर चालणारा नकाशाचा पडदा, म्हणजे चार्टप्लॉटर, जोडला की मग तो ऑटोपायलटला सतत कळवतो: मार्गरेषेपासून आपण किती सरकलो, डावीकडे की उजवीकडे. सुकाणू तेवढं वळतं.

नौकेवरच्या उपकरणांनी एकमेकांशी बोलायच्या जुन्या एनएमईए 0183 पद्धतीत प्लॉटरच्या पाठवणाऱ्या तारा ऑटोपायलटच्या घेणाऱ्या तारांना जोडायच्या आणि दोन्हीकडचा वेग सारखा ठेवायचा, बहुधा 4800 बॉड. नव्या एनएमईए 2000 मध्ये सगळी उपकरणं एकाच मुख्य केबलवर येतात. तिच्या दोन्ही टोकांना 120 ओहमचा एकेक टर्मिनेटर लागतो, आणि गडबड बहुतेकदा इथेच होते. वीज बंद करा, मल्टीमीटर दोन्ही डेटा तारांवर टेकवा. साधारण 60 ओहम दिसले तर ठीक. 120 दिसले, तर एक टर्मिनेटर गायब आहे.

जोडणीइतकीच जागाही महत्त्वाची: ऑटोपायलटचं होकायंत्र स्पीकरमधल्या चुंबकापासून आणि इंजिनच्या लोखंडापासून लांबच बसवावं.

आणि एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. प्लॉटर दोन बिंदू सरळ रेषेने जोडतो. मध्ये खडक आहे की मच्छीमारांची जाळी, हे ऑटोपायलटला दिसत नाही. म्हणून नकाशा मोठा करून रेषा टोकापासून टोकापर्यंत तपासा आणि नजर ठेवायला डेकवर माणूस हवाच. समुद्रातल्या टकरी टाळण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय नियमांतला पाचवा नियम नजर ठेवण्याबद्दल हेच बजावतो.