सातवी टोपी



आजच्या व्याख्यानाचे नाव फलकावर वाचून काहींच्या मनात शंका आली असेल, की वक्ता आज आपल्याला टोपी घालण्याच्या इराद्याने आलेला दिसतो. शंका स्वाभाविक आहे. आपल्या भाषेत टोपी घालणे म्हणजे फसविणे, टोपी उडविणे म्हणजे थट्टा करणे आणि टोपी फिरविणे म्हणजे ऐन वेळी बाजू बदलणे. टोपीविषयी बरे बोलणारा वाक्प्रचार आम्हांला तरी चटकन आठवत नाही. म्हणून आरंभीच सांगून टाकतो, की आज ज्या टोप्यांविषयी बोलावयाचे आहे त्या कापडाच्या नाहीत, विचाराच्या आहेत. आणि त्या दुसऱ्याला नव्हे, स्वतःला घालावयाच्या आहेत.

या टोप्यांचा कर्ता एडवर्ड डी बोनो. हा १९३३ साली माल्टा बेटावर जन्मला, शिक्षणाने वैद्य झाला, पण पुढे आयुष्यभर विचार कसा करावा हेच शिकवीत राहिला. २०२१ साली तो वारला. सरळ रेषेतला विचार अडला म्हणजे बाजूने वाट काढावी, या रीतीला त्याने १९६७ साली एक नाव दिले. आपण तिला ‘आडवा विचार’ म्हणू. १९८५ साली त्याचे सहा टोप्यांचे पुस्तक निघाले.

त्याचे म्हणणे समजण्यास फार लांब जावयास नको. आपली कोणतीही समिती आठवा. एकजण सूचना मांडतो, दुसरा तिच्यात खोट काढतो, तिसरा खोट काढणाराची खोट काढतो आणि चौथा घड्याळाकडे पाहतो. दोन तासांनी जो तो आपापल्या मताशी अधिक घट्ट चिकटून घरी जातो. डी बोनोने सांगितले, की हे भांडण मतांचे नव्हे. सहाजण एकाच वेळी सहा दिशांना तोंडे करून बसले आहेत, त्याचा हा परिणाम आहे. सर्वांनी एका वेळी एकाच दिशेला पाहावे, मग सर्वांनीच दुसरीकडे वळावे. प्रत्येक दिशेला त्याने एका टोपीचा रंग दिला. पांढरी टोपी म्हणजे केवळ माहिती. तांबडी म्हणजे मनाला काय वाटते ते, कारणे न देता. काळी म्हणजे धोके आणि अडचणी, पिवळी म्हणजे फायदे, हिरवी म्हणजे नव्या कल्पना. निळी टोपी विचाराच्या कारभाराची: आता कोणती टोपी घालावयाची आणि आपण कोठवर आलो, हे ती पाहते.

समजा, आपल्या गावचा भाजीबाजार हलवावयाचा आहे. पांढऱ्या टोपीखाली गाळे किती, गाड्या किती, जागा किती, हे मोजले जाईल. तांबड्या टोपीखाली कोणी सांगेल, की जुन्या बाजाराशी माझे बालपण निगडित आहे. आणि त्याला कोणी हसणार नाही. काळ्या टोपीखाली नव्या जागेत पावसाचे पाणी साचते हे निघेल; पिवळ्याखाली रस्ता मोकळा होईल हे निघेल. हिरवी सुचवील, की सकाळी जुना बाजार आणि संध्याकाळी नवा, असे का करू नये? यातली मौज अशी, की बाजार हलविण्याचा कट्टर पुरस्कर्ताही काळ्या टोपीच्या वेळी अडचणी शोधू लागतो. त्याची अक्कल पक्षाच्या दावणीतून थोडा वेळ सुटते. या पद्धतीला प्रयोगांचा भक्कम पुरावा दिला गेलेला नाही, असा आक्षेप टीकाकारांनी घेतला आहे, आणि तो रास्त आहे. तथापि करून पाहावयास हिला खर्च काही लागत नाही.

आता आमचा प्रश्न असा, की या टोप्या सहाच का? भर घालावी असे पुष्कळांना वाटते. पण भर घालण्याचा मोह जपून आवरावा लागतो. अमेरिकेतल्या अॅलेक्स ऑस्बर्न या जाहिरातीच्या धंद्यातील गृहस्थाने १९५३ साली कल्पना सुचण्यासाठी प्रश्नांची एक यादी दिली. वस्तूचा दुसरा उपयोग होईल काय, ती मोठी किंवा लहान केली तर, उलटी केली तर, दुसरीशी जोडली तर, असे तिच्यात नऊ गट होते आणि प्रत्येक गटात आणखी उपप्रश्न. पुढे १९७१ साली बॉब एबर्ल याने मुलांसाठी तीच सामग्री सात अक्षरांच्या एका शब्दात बसविली, आणि आज जगभर शिकवितात ती बहुधा ती सात अक्षरेच. अवजार वाढविणे सोपे असते. ते हातात मावले पाहिजे.

म्हणून नव्या टोपीला तीन कसोट्या लावाव्यात. पहिली, ती विचाराची दिशा असली पाहिजे, माणसाचा हुद्दा नव्हे. दुसरी, ती सर्वांना एकाच वेळी घालता आली पाहिजे. तिसरी, तिचा प्रश्न जुन्या सहांपैकी एकीनेही आपण होऊन विचारलेला नसावा. या कसोट्यांवर बहुतेक उमेदवार गळतात. इतिहासाची टोपी? ती पांढरीच आहे. पैशाची? थोडी पांढरी, थोडी काळी. विनोदाची? हिरवीच्या पोटात ती सुखाने राहते. तज्ज्ञाची? तो हुद्दा झाला.

तरी एक टोपी उरते. ती कोणती, हे सांगण्यापूर्वी एका बैठकीची हकीकत ऐका. बैठक अमेरिकेतली आहे, आणि योगायोग असा, की तिच्यात टोपीचाच उल्लेख आहे.

२७ जानेवारी १९८६ ची रात्र. दुसऱ्या दिवशी चॅलेंजर हे अवकाशयान उडावयाचे होते. त्याचे घन इंधनाचे अग्निबाण मॉर्टन थायोकॉल कंपनीने बनविलेले. त्या अग्निबाणांचे सांधे रबरी कड्यांनी बंद केलेले असत, आणि थंडीत रबर आपली लवचिकता गमावते. कंपनीच्या अभियंत्यांनी दूरध्वनीवरील बैठकीत सांगितले, की ५३ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १२ अंश सेल्सियसपेक्षा कमी तापमानात उड्डाण करू नये. नासाच्या अधिकाऱ्यांना हे रुचले नाही. कंपनीने आपसांत बोलण्यासाठी पाच मिनिटे मागितली. ती सुमारे अर्ध्या तासावर गेली. त्या वेळात एका वरिष्ठाने अभियांत्रिकीच्या प्रमुखाला म्हटले, की आता अभियंत्याची टोपी उतरवा आणि व्यवस्थापकाची चढवा. प्रमुखाने मत बदलले. कंपनीने होकार कळविला. सकाळी यान उडाले तेव्हा हवेचे तापमान सुमारे २ अंश सेल्सियस होते. ७३ सेकंदांनी यान फुटले आणि आतील सातहीजण मृत्यू पावले. त्यांत एक शाळेतली शिक्षिका होती.

येथे टोपी बदलली ती डी बोनोच्या अर्थाने नव्हे. इंग्रजीत हुद्दा बदलला की टोपी बदलली असे म्हणतात. डी बोनोच्या टोप्या सर्वांना एकाच बाजूला वळवितात. त्या रात्रीच्या टोपीने एका माणसाला त्याच्या ज्ञानाकडे पाठ करावयास लावले.

कोणी म्हणेल, यासाठी सातवी टोपी कशाला? सहाच नीट घातल्या असत्या तर पुरे होते. या म्हणण्यात तथ्य आहे. पांढऱ्या टोपीचेच काम त्या रात्री अपुरे झाले होते. ज्या उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती तेवढ्यांचीच तापमाने पाहिली गेली. ज्यांत इजा झाली नव्हती ती उड्डाणे उबदार हवेतली होती, हे शेजारी मांडून पाहिले गेले नाही. काळी टोपी घालणारे अभियंते तर हजरच होते. पण त्या बैठकीत वेळापत्रक होते, कंत्राट होते, प्रतिष्ठा होती. यानात बसणाऱ्या सातांपैकी मात्र कोणी नव्हते. काळी टोपी विचारते, ‘यात धोका काय?’ तो धोका कोणाच्या अंगावर पडणार आणि त्याला विचारले काय, हे ती आपण होऊन विचारीत नाही. पुढे चौकशी आयोगाने ज्या शिफारशी केल्या त्यांत एक अशी होती, की उड्डाणाच्या सिद्धतेची तपासणी होते तेव्हा यानाच्या प्रमुखाने किंवा त्याच्या प्रतिनिधीने तेथे हजर असावे. ही शिफारस सात जीव गेल्यावर आली.

हीच आमची सातवी टोपी: अनुपस्थिताची. तिचा रंग मातकट ठेवू. ती शोधून काढल्याचा मान आम्हांला नको. डी बोनोनेच शाळांसाठी जे विचाराचे पाठ रचले त्यांत दुसऱ्यांच्या दृष्टीने पाहण्याचा एक पाठ आहे, आणि निर्णयाचे परिणाम दूरवर पाहण्याचा दुसरा आहे. टोप्यांच्या पेटीत मात्र त्यांना स्वतंत्र जागा मिळाली नाही. आम्ही ते दोन्ही पाठ एकाच टोपीत घालू इच्छितो. कारण आज जो खोलीबाहेर आहे तो जसा अनुपस्थित, तसा अजून जन्माला न आलेलाही अनुपस्थितच. म्हणजे आठवी टोपी शिवावयास नको.

पण या टोपीत एक मोठा धोका आहे. दुसऱ्याच्या वतीने बोलणे माणसाला फार आवडते. ‘गरिबांना काय हवे ते आम्ही जाणतो’ असे म्हणणारे थोडे नाहीत. तसे झाले तर ही टोपी पुन्हा आपल्या जुन्या अर्थाची टोपी होईल. म्हणून तिच्यासाठी एक कडक नियम हवा: या टोपीखाली फक्त प्रश्न विचारावयाचे, उत्तरे द्यावयाची नाहीत. प्रत्येक प्रश्नापुढे तो कोणाला विचारावयाचा आणि कोण जाऊन विचारणार, हे लिहावयाचे. उत्तर येईपर्यंत त्या मुद्द्यावर निर्णय करावयाचा नाही. जे जन्मलेच नाहीत त्यांना विचारता येत नाही. तेव्हा त्यांच्यापुरता प्रश्न एवढाच, की आजचा निर्णय चुकला तर तो त्यांना फिरविता येईल काय?

पुन्हा भाजीबाजाराकडे या. मातकट टोपी घातली की पहाटेच्या पहिल्या एस. टी.ने डोक्यावर पाटी घेऊन उतरणारी बाई आठवते. स्थानकापासून नवा बाजार किती लांब? रात्री नऊ वाजता उरलेली भाजी स्वस्तात नेणारे लोक तेथवर येतील काय? हमाल कोठे बसतील? आता आपल्यातल्या एकाने पहाटे स्थानकावर जावे आणि त्या बाईला विचारावे. कदाचित ती म्हणेल, ‘दादा, बाजार कुठंबी न्या, पण पाण्याचा नळ आणि बायामाणसांना आडोसा तेवढा करा.’ सहा टोप्या घालून दोन तास बसलेल्या समितीच्या यादीत हा मुद्दा नसेलच असे नाही. पण आमच्या अनुभवाच्या समित्यांत तो क्वचितच असतो, कारण समितीत बसणारांच्या घरी नळ आणि आडोसा दोन्ही असतात.

ती बाई पुढच्या बैठकीला स्वतः आली, तर तिच्यापुरती ही टोपी उतरवून ठेवावी. तिच्यासाठी खुर्ची मांडली गेली की टोपीचे काम संपले. इतर सहा टोप्या पुन्हा पुन्हा घालावयाच्या आहेत. ही एक मात्र लवकरात लवकर उतरविता यावी म्हणून घालावयाची आहे.

आपल्यापैकी कोणी सोसायटीचे चिटणीस असतील, कोणी वाचनालयाचे, कोणी शाळेच्या मंडळावर असतील. पुढची बैठक बोलवाल तेव्हा विषयपत्रिकेच्या तळाशी एक ओळ कोरी सोडा आणि तिच्यापुढे लिहा: ‘या निर्णयाचा भार ज्यांच्यावर पडेल, पण जे येथे नाहीत, ते कोण?’ त्या ओळीवर पहिले नाव पडले, की आजचा हा उन्हाळ्यातला तास वाया गेला नाही, असे आम्ही समजू.