नवस पुढाऱ्याचा, वर्गणी मोहल्ल्याची

आमच्या वॉर्डातल्या एका उमेदवाराने निवडणुकीआधी दर्ग्यात मन्नत मागितली. निवडून आलो तर मोठी चादर चढवीन, अकरा देगा करीन. (दर्ग्यात मन्नत मागावी की नाही, हा वाद आज नको.) तो निवडून आला, देगा चढल्या, आणि पैसे मोहल्ल्यातल्या दुकानदारांकडून वर्गणी म्हणून गोळा झाले. अब्बांनीही पाचशे रुपये दिले. मन्नत मागताना त्यांना कुणी विचारलं होतं?

तेव्हा मला इफ्ताह आठवला. त्याची गोष्ट बायबलच्या ‘शास्ते’ या पुस्तकात आहे. भावांनी त्याला घराबाहेर काढलं होतं. अम्मोनी चालून आले तेव्हा गिलादचे वडीलधारे त्यालाच बोलवायला गेले. त्याने आधी त्यांच्याशी सौदा केला की जिंकलो तर प्रमुख मी. मग तसाच सौदा देवाशी केला: विजयी होऊन परतल्यावर माझ्या दारातून जे सामोरं येईल, ते होमात अर्पण करीन. डफ वाजवत, नाचत आली ती त्याची एकुलती एक मुलगी. त्याने कपडे फाडले, पण दोष तिलाच दिला, की तूच मला संकटात टाकलंस! ती मारली गेली की आजन्म कुमारी राहिली, यावर भाष्यकारांत मतभेद आहेत. मला खटकतं ते वेगळंच. ज्या वडीलधाऱ्यांनी त्याला नेता केलं, त्यांपैकी एकानेही त्याला अडवल्याचं तिथे लिहिलेलं नाही. मुलीचं नावसुद्धा लिहिलेलं नाही.

आता मक्केत या. इब्न इसहाकच्या सीरतमध्ये अब्दुल मुत्तलिब यांची हकिकत आहे. जमजमची विहीर खोदताना कुरैश आडवे आले आणि पाठीशी मुलगा एकच. तेव्हा त्यांनी नवस बोलला की दहा मुलगे मोठे होऊन माझ्या पाठीशी उभे राहिले, तर एकाला काबाजवळ कुर्बान करीन. चिठ्ठी निघाली अब्दुल्लाह यांच्या नावाची. सुरी घेऊन बाप निघाला, पण इथे लोक मध्ये पडले. कुरैश आले, मुलाचे मामा आले. शेवटी बदल्यात शंभर उंट ठरले. त्याच अब्दुल्लाह यांच्या घरी पुढे पैगंबर (स.) जन्मले.

पैगंबरांनी नज्रचं कौतुक केलं नाही. नज्रने नशिबातलं काही बदलत नाही, फक्त कंजूसाच्या हातून थोडं सुटतं, या अर्थाची हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. गुनाहाची नज्र पुरी करायचीच नाही, असंही त्यांनी सांगितलं. शपथ मोडावी लागली तर सूरह माइदाने वाट ठेवली आहे: दहा गरिबांना जेवण किंवा कपडे द्या, नाहीतर गुलाम मुक्त करा, ऐपत नसेल तर तीन रोजे. हा कफ्फारा ज्याने शपथ घेतली त्याने भरायचा. शेजाऱ्याने नव्हे.

पुढच्या वेळी पावतीपुस्तक घेऊन पोरं दुकानात आली, तेव्हा मी एवढंच विचारलं, “ही मन्नत कुणाची?” दोघं हसली. तिसऱ्याने पुस्तक मिटलं. अब्बा मात्र रात्री माझ्यावर रागावले. दुकान त्यांना याच मोहल्ल्यात चालवायचं आहे.