खेळाडू, मार्गदर्शक आणि पाठीराखे : गौरवाचे तीन मानकरी
(महाविद्यालयीन क्रीडागौरव समारंभातील व्याख्यान)



गुणवंतांचा गौरव करण्याची परंपरा समाजात जुनी आहे. दहावी-बारावीत उत्तम गुण मिळविणारे, वैद्यकीय वा अभियांत्रिकी शाखेत प्रवेश घेणारे विद्यार्थी दरवर्षी व्यासपीठावर येतात. त्यांना शिष्यवृत्ती मिळते, स्मरणिकेत त्यांची छायाचित्रे झळकतात. मैदान गाजविणाऱ्या मुलाच्या वाट्याला मात्र बहुधा एकच प्रश्न येतो : "खेळून पुढे काय करणार?" हा प्रश्न काळजीपोटी विचारला जातो, हे खरे. परंतु लहान गावातील एका महाविद्यालयाने आपल्या खेळाडूच्या पाठीशी उभे राहायचे ठरविले तर काय घडू शकते, याचे एक उदाहरण याच महाराष्ट्रात, कोल्हापुरात, घडून गेले आहे. क्रीडागौरवाचा विचार करताना त्याचे स्मरण सर्वप्रथम व्हावयास हवे.

कराडजवळच्या गोळेश्वर गावी १५ जानेवारी १९२६ रोजी खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. वडील स्वतः पैलवान. त्यामुळे तालमीची माती बालपणीच अंगाला लागली. कराडच्या टिळक हायस्कूलमध्ये शिक्षण आणि बाबुराव बलावडे व बेलापुरे गुरुजी यांच्याकडे कुस्तीचे धडे, अशी त्यांची सुरुवात झाली. पुढे त्यांनी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात प्रवेश घेतला. १८८० साली स्थापन झालेले हे महाविद्यालय एका संस्थानाच्या राजधानीतले. मुंबई-पुण्याच्या मोठ्या महाविद्यालयांसारखा त्याचा बोलबाला नव्हता.

महाविद्यालयाच्या वार्षिक क्रीडास्पर्धेत खाशाबा कुस्तीसाठी नाव द्यावयास गेले, तेव्हा त्यांची ठेंगणी अंगकाठी पाहून क्रीडाशिक्षकांनी नकार दिला, अशी आठवण सांगितली जाते. खाशाबा प्राचार्यांकडे गेले, प्राचार्यांनी परवानगी दिली आणि या लहानखुऱ्या विद्यार्थ्याने आपल्याहून थोराड प्रतिस्पर्ध्यांना चीत केले. ही परवानगी म्हणजेच पहिले प्रोत्साहन होय. त्यासाठी एक पैसाही खर्ची पडला नाही. संधी नाकारली गेली असती, तर पुढचे काहीच घडले नसते.

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला खाशाबा गेले ते कोल्हापूरच्या महाराजांच्या आर्थिक साहाय्याने. मातीत घडलेल्या या मल्लाला गादीवरची कुस्ती आणि तिचे आंतरराष्ट्रीय नियम नवखे होते. तेथे रीस गार्डनर या अमेरिकी मार्गदर्शकांनी त्यांना शिकविले आणि फ्लायवेट गटात खाशाबा सहावे आले. लंडनहून परतल्यावर त्यांनी सरावाचे तास आणखी वाढविले.

१९५२ साली हेलसिंकीला जाण्याची वेळ आली, तेव्हा प्रश्न पैशांचा होता. गोळेश्वर-कराड परिसरातील लोकांनी यथाशक्ती वर्गणी दिली. तरी रक्कम पुरी होईना. अशा वेळी राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवले आणि ७००० रुपये उभे केले. व्यापार-उदीम करणाऱ्या समाजाला या कृतीचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. १९५२ सालचे ७००० रुपये म्हणजे केवढी रक्कम आणि राहते घर तारण ठेवणे म्हणजे काय, हे येथील प्रत्येक जण जाणतो. पदकाची खात्री कोणीच देऊ शकत नव्हते. खाशाबा हात हलवीत परत आले असते, तरी कर्ज फेडावे लागणारच होते. प्राचार्यांनी विद्यार्थ्याची तयारी पाहिली होती आणि त्या तयारीवर त्यांनी घर पणाला लावले.

हेलसिंकीत बँटमवेट गटात खाशाबांनी कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या मल्लांना हरविले. जपानच्या शोहाची इशी यांच्याशी त्यांची प्रदीर्घ लढत झाली. इशी त्या गटाचे सुवर्णपदक विजेते ठरले. त्या थकविणाऱ्या कुस्तीनंतर पुरेशी विश्रांती न मिळताच खाशाबांना सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेकोव यांच्याविरुद्ध उतरावे लागले आणि त्यांची बाजू मांडायला त्या वेळी कोणी भारतीय अधिकारी जवळ नव्हता, असे सांगितले जाते. खाशाबांना कांस्यपदक मिळाले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसऱ्यासाठी देशाला ४४ वर्षे, म्हणजे १९९६ साली अटलांटात लिएंडर पेस यांनी टेनिसमध्ये कांस्यपदक मिळवीपर्यंत वाट पाहावी लागली.

कराड स्थानकावर खाशाबांचे जंगी स्वागत झाले. शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक गोळेश्वरला निघाली आणि एरवी काही मिनिटांत संपणाऱ्या वाटेला सात तास लागले, असे म्हणतात. परंतु खाशाबांनी त्यानंतर जे केले, ते मिरवणुकीहूनही मोलाचे आहे. त्यांनी कुस्त्यांची मैदाने भरविली, त्यांतून आलेली रक्कम प्राचार्यांच्या हाती दिली आणि गहाण पडलेले घर सोडविले. गुरूने शिष्यावर टाकलेला विश्वास शिष्याने पदकाने सार्थ केला आणि ऋण आपल्या कष्टाने फेडले. एका लहान महाविद्यालयाच्या क्रीडा-इतिहासात याहून उजळ पान क्वचितच सापडेल.

याच कथेची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. खाशाबा १९५५ मध्ये पोलीस दलात उपनिरीक्षक म्हणून रुजू झाले, साहाय्यक पोलीस आयुक्त पदापर्यंत पोहोचले आणि १४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले. अर्जुन पुरस्कार त्यांना जाहीर झाला तो २००० साली, मृत्यूनंतर सोळा वर्षांनी. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांच्या वेळी दिल्लीतील कुस्तीच्या क्रीडासंकुलाला त्यांचे नाव देण्यात आले. महाराष्ट्रात त्यांचा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून २०२४ पासून साजरा होऊ लागला. हे सर्व यथोचितच आहे. पण ते पाहावयास खाशाबा नव्हते. गौरव उशिरा झाला, तर तो वारसांच्या हाती पडतो. ज्याच्या कष्टाचा तो मोबदला, त्याचे हात रिकामेच राहतात.

आणखी एक नाव येथे आवर्जून घेतले पाहिजे. त्याच हेलसिंकीत कोल्हापूरचेच केशव माणगावे फेदरवेट गटात लढले आणि चौथे आले. एका क्रमांकाने पदक हुकले आणि त्यांचे नाव लोकांच्या विस्मरणात गेले. तिसऱ्या आणि चौथ्या क्रमांकांत कष्टांचे अंतर ते कितीसे असणार? गौरव करताना केवळ पदके मोजली, तर असे कितीतरी माणगावे दृष्टीआड राहतात.

महाराष्ट्राला दुसरे वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळण्यास ७२ वर्षे लागली आणि तेही कोल्हापूर जिल्ह्याकडेच आले. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात कांस्यपदक मिळविले. त्यांचे वडील शिक्षक. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत त्यांच्या नेमबाजीला वळण लागले आणि पुढे स्वतः ऑलिम्पिक खेळलेल्या दीपाली देशपांडे यांचे मार्गदर्शन लाभले. येथेही तेच तीन मानकरी दिसतात : घाम गाळणारा खेळाडू, त्याला घडविणारा मार्गदर्शक आणि पाठीशी उभे राहणारे कुटुंब व संस्था. यांतला एक जरी वगळला, तरी यशाचा हिशेब जुळत नाही.

या अनुभवांतून लहान महाविद्यालयांना आणि त्यांना हातभार लावणाऱ्या विश्वस्त संस्थांना काही गोष्टी सहज करता येण्याजोग्या आहेत. पहिली गोष्ट, प्रत्येक महाविद्यालयाने क्रीडाविषयक कायमची नोंदवही ठेवावी. तीत खेळाडूबरोबर त्याच्या मार्गदर्शकाचे, मैदान राखणाऱ्या सेवकाचे आणि प्रसंगी मदत करणाऱ्या दात्याचेही नाव असावे. मात्र दात्याचे नाव खेळाडूच्या नावाहून मोठ्या अक्षरांत नसावे. दुसरी गोष्ट, सत्कार त्याच वर्षी व्हावा. जे मार्गदर्शक वृद्धापकाळी घरी बसून आहेत, त्यांचा तर सर्वांत आधी. तिसरी गोष्ट, शाल-श्रीफळाबरोबर प्रत्यक्ष गरज भागावी. विद्यापीठाच्या वा राज्याच्या स्पर्धेला निघालेल्या विद्यार्थ्याला प्रवासखर्च परतल्यावर देण्यापेक्षा निघण्यापूर्वी द्यावा. दुखापत झाली, तर उपचाराची जबाबदारी घ्यावी. बूट, गणवेश, खुराक यांसाठी लहानसा क्रीडानिधी असावा आणि त्याचा जमाखर्च शिष्यवृत्तिनिधीइतकाच चोख ठेवावा.

चौथी गोष्ट मुलींविषयीची. मुलगी स्पर्धेला परगावी जावयाची म्हटली की अनेक घरांत चर्चा तेथेच थांबते. सोबत विश्वासू शिक्षिका, उतरण्याची सुरक्षित सोय आणि तिच्या घरच्या नियमांस अनुसरून वेळेवर भोजन, एवढी हमी संस्थेने घेतली, तर कित्येक आई-वडिलांचा नकार होकारात बदलेल.

आज व्यासपीठावर येणाऱ्या खेळाडूंपैकी सर्व जण ऑलिम्पिकला जातील, असे नाही. बहुतेक जण पुढे दुकान सांभाळतील, नोकरी करतील, संसारात रमतील. पराभव पचवून दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा मैदानावर जाण्याची त्यांना लागलेली सवय मात्र कोणत्याही व्यवसायात उपयोगी पडेल. त्यांच्या मार्गदर्शकांना आणि पाठीराख्यांना त्यांच्याइतकाच मान मिळावा आणि तो त्यांच्या हयातीत मिळावा, एवढीच या प्रसंगी समाजाकडून अपेक्षा आहे. सर्व सत्कारमूर्तींचे हार्दिक अभिनंदन आणि त्यांच्या पुढील वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा!