शेंगा कमी पडल्या की काळवीट कुठे जातं?

अमेरिकेतले हरणांचे शिकारी वसंतातलं हवामान बघून ठेवतात. ओकच्या फुलोऱ्यावर उशिराची कडक थंडी पडली, की पांढऱ्या ओकला त्याच वर्षी फळं कमी. तांबड्या ओकला फटका पुढच्या वर्षी, कारण त्याचं फळ पिकायला दोन हंगाम लागतात. फळं नसली, की हरणं जंगलाबाहेर दिसू लागतात.

हेच गणित मी आपल्या कर्जत तालुक्यातल्या रेहेकुरीला लावून बघतो. हे काळवीट अभयारण्य 1980 चं, क्षेत्र जेमतेम 2.17 चौरस किलोमीटर. काळविटाचं मुख्य खाणं गवत. उन्हाळ्यात ते वाळलं, की बाभळीच्या शेंगा आधाराला. त्याही नसल्या तर? हद्दीपलीकडे शेतं आहेतच. मग शेतकऱ्याचं नुकसान, आणि काळविटापुढे कुत्री, गाड्या, बिनकठड्याच्या विहिरी.

काळविटाची शिकार म्हणजे 1972 च्या कायद्याने किमान 3 वर्षं कैद. पण कायद्याने शेंगा लागत नाहीत ना! म्हणून बांधावरची बाभूळ राखा. पीक गेलं तर वनविभागाकडे भरपाईचा अर्ज करा. आणि उन्हाळ्यात त्या बाजूला गेलात, तर गाडी हळू घ्या. भेटू पुढच्या भागात!