10 सेंटिमीटरचा व्होस्टोक

आजचा भाग जरा हात चिकट करणारा आहे. आज आपण व्होस्टोक 1 चं मॉडेल बनवायचंय. तेच यान, ज्यातून 12 एप्रिल 1961 ला युरी गागारिन 108 मिनिटांत पृथ्वीला फेरी मारून परत आले.

थ्रीडी प्रिंट काढता येईल की, असं तुम्ही म्हणाल. येईल. पण मग यानाचा आकार असाच का, हा प्रश्न पडत नाही. हाताने करताना तो पावलोपावली पडतो.

आधी स्केल. थर्माकोलचा 10 सेंटिमीटर व्यासाचा गोळा घ्या. खरा गोळा 2.3 मीटरचा, म्हणजे आपलं स्केल झालं 1:23. आता प्रत्येक मापाला 23 ने भागायचं. यान साधारण 4.4 मीटर लांब, आपलं 19 सेंटिमीटर. एखाद्या भागाचं माप मिळालं नाही, तर बाजूने काढलेल्या फोटोत गोळ्याशी त्याचं प्रमाण मोजा.

गोळ्यावर टिश्यू पेपर आणि फेव्हिकॉलचे तीन-चार थर द्या, वाळवा, मगच रंग. थेट स्प्रे मारलात तर थर्माकोल विरघळतो. मागचा भाग म्हणजे कार्डशीटचे दोन कापलेले शंकू, रुंद बाजू एकमेकींना जोडून. मानेभोवती ऑक्सिजन आणि नायट्रोजनच्या गोल टाक्या, त्यासाठी माळेतले 16 मणी. अँटेनांना खराट्याचे हीर झकास चालतात.

आता गोळाच का? कोरोल्योव यांच्या टीमने सोपा मार्ग निवडला. गोळा कसाही फिरला तरी हवेला त्याचा आकार सारखाच. वजन एका बाजूला जास्त ठेवलं की तो आपोआप सरळ होतो, ढकलली तरी उभी राहणाऱ्या बाहुलीसारखा. परतताना दिशा सांभाळायला वेगळे थ्रस्टर नकोत. आत एका बाजूला दोन-चार नट चिकटवा आणि टेबलावर घरंगळवून बघा, लगेच कळेल.

आणि आता माझा आग्रह. गोळा मागच्या भागाला चिकटवू नका. चार पट्ट्यांनी बांधा आणि बाजूने तांब्याच्या तारांची जुडी जोडा. कारण त्या दिवशी पट्ट्या सुटल्या, पण तारांची जुडी सुटली नाही. मागचा भाग लोंबकळत राहिला, यान गरागरा फिरत होतं. शेवटी वातावरणाच्या उष्णतेने तारा जळाल्या आणि गोळा मोकळा झाला.

हॅचही उघडी ठेवा, आत कोरून खुर्ची बसवा. साधारण 7 किलोमीटर उंचीवर गागारिन खुर्चीसकट बाहेर फेकले गेले आणि वेगळ्या पॅराशूटने उतरले. विक्रमाच्या नियमांत वैमानिकाने यानासकट उतरणं अपेक्षित होतं, म्हणून सोव्हिएत सरकारने हे बरीच वर्षं लपवलं. यानाचं खरं रूपसुद्धा 1965 पर्यंत जगाला दाखवलं नव्हतं.

म्हणून सांगतो, गुळगुळीत, चकचकीत, बंद मॉडेल दिसायला छान, पण ते त्या काळची सरकारी गोष्टच पुन्हा सांगतं. उघडी हॅच आणि लोंबणाऱ्या तारा बघून घरातलं लहान मूल विचारेल, "हे तुटलंय का?" तिथून खरी गोष्ट सुरू करा. आत बसलेल्या 27 वर्षांच्या माणसाला काय सोसावं लागलं, ते त्याला सांगा.

बनवलंत तर फोटो नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!