ऑडिशनचं गाणं: पट्टी, पद आणि पैठणचं भारूड

एरवी आपण इथे कोडिंग, नोकऱ्या, इंटरव्ह्यू असलं बोलतो. आज नाटकाच्या ऑडिशनबद्दल बोलणार आहे. कारण गेले चार महिने माझ्या घरी, म्हणजे इथे सिडकोत, संध्याकाळी सातनंतर ऑफिसचा कॉल घ्यायची सोय राहिलेली नाही. आतल्या खोलीत पेटी चालू असते.

माझी मामेबहीण बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला आहे. तिला नाटक शिकायचंय, तेही गाण्यासकट. मामा वाळूजला कंपनीत आहेत. त्यांनी विरोध केला नाही, पण मुदत दिली: एक वर्ष. प्रवेश मिळाला तर शीक, नाही तर बी.एड. किंवा बँकेच्या परीक्षा. त्यांच्याकडे दोनच खोल्या आणि भिंतीला भिंत लागून शेजारी, म्हणून तालीम माझ्याकडे. कॉलेजात असताना युवक महोत्सवाच्या एकांकिकांना मी साउंड करायचो, तेवढीच माझी पात्रता. त्यामुळे मी काही तज्ज्ञ म्हणून बोलत नाहीये. चार महिने शेजारी बसून जे पाहिलं आणि जे पटलं, ते सांगतो.

आधी एक गोष्ट. अमेरिकेत ‘म्युझिकल थिएटर’ नावाची वेगळी पदवी असते. मिशिगन विद्यापीठ, कार्नेगी मेलन ही त्यातली मोठी नावं. आधी व्हिडिओ पाठवायचा, तो पसंत पडला तर प्रत्यक्ष ऑडिशन. दोन वेगळ्या स्वभावाची गाणी, एखादं स्वगत, आणि नाच. गंमत म्हणजे तिथे कितीदा तरी गाण्याचे फक्त सोळा किंवा बत्तीस बार ऐकतात. सोळा बार म्हणजे चार-चार मात्रांचे सोळा तुकडे, एकूण चौसष्ट मात्रा. आपल्या भाषेत तीनतालाची चार आवर्तनं! मिनिटाला १२० मात्रांची लय धरली तर हिशेब होतो बत्तीस सेकंदांचा. बत्तीस सेकंदांत माणूस पारखायचा.

आपल्याकडे त्या नावाची पदवी शोधत बसू नका. पण ज्या भाषेत १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ उभं राहिलं, त्या भाषेत गाणारा नट ही नवी गोष्ट नाही. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटक, संगीत आणि नृत्य एकाच छपराखाली शिकवतात. मुंबई विद्यापीठाची थिएटर अकादमी आहे. आणि आपल्या गावात, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. इथल्या इथे एवढा जुना विभाग असताना पोरं आधी मुंबईच्या फिल्म अ‍ॅक्टिंगच्या तीन महिन्यांच्या क्लासची फी विचारतात, याचं मला नवल वाटतं. असो. बहिणीने पुण्याचा आणि इथला, असे दोन्हीकडचे फॉर्म भरायचे ठरवलेत.

आता मुद्द्यावर येतो. गाणं कसं निवडायचं?

पहिल्या आठवड्यात तिने यादी आणली. त्यात ‘कट्यार काळजात घुसली’मधली तीन पदं. साहजिक आहे. २०१५ साली सिनेमा आल्यापासून आमच्या पिढीला नाट्यसंगीत म्हटलं की कट्यारच आठवते. नाटक १९६७ चं, संगीत जितेंद्र अभिषेकींचं, त्याच्या थोरवीबद्दल वाद नाही. पण त्या नाटकातली माणसं मुळात गवई आहेत. ती कितीदा तरी गातात ती गायची म्हणूनच. तिथे परीक्षकाला काय दिसणार? तुमच्या ताना. ताना दाखवायच्या असतील तर गायनाचा विभाग शेजारीच आहे की! नाटकाच्या ऑडिशनला मला एकच कसोटी पटते: गाणं सुरू होताना पात्र जिथे होतं, गाणं संपताना तिथेच आहे का? तिथेच असेल तर ते गाणं सुंदर असूनही उपयोगाचं नाही.

या कसोटीवर किर्लोस्करांची पदं फार चांगली उतरतात. ‘सौभद्र’ १८८२ चं. सुभद्रेचं मन अर्जुनावर, बलराम तिला दुर्योधनाला द्यायला निघालाय, आणि कृष्ण आतून सूत्रं हलवतोय. यातली पदं आटोपशीर आहेत आणि ती बोलतात. पात्राला वाक्यात सांगता येईना की ते पदात शिरतं, आणि पद संपलं की गोष्ट एक पाऊल पुढे गेलेली असते. पुढे गाणं एवढं वाढलं की एका पदाला वन्समोअरवर वन्समोअर मिळायचे आणि नाटक रात्रभर चालायचं. त्याची मजा वेगळी. ऑडिशनला मात्र जुनं, छोटं, बोलकं पद बरं. तिने सुभद्रेचंच एक निवडलं.

‘पण एवढं कापायचं कसं, दादा? पद अर्धवट वाटेल.’ तिचा प्रश्न बरोबर होता. मी तिला जुन्या तबकड्यांची आठवण दिली. ७८ आरपीएमच्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं मावायची. बालगंधर्वांसारख्या, रंगभूमीवर एकच पद हवं तेवढं फुलवणाऱ्या नटालाही तेवढ्यात बसावं लागलं. म्हणजे कापायची परंपरा आपलीही आहे! आम्ही दीड मिनिट ठरवलं. मुखडा, एक अंतरा, परत मुखडा. सुरुवातीचा आलाप काढून टाकला. त्याऐवजी पदाच्या आधीची नाटकातली दोन वाक्यं घेतली. वाक्य बोलता बोलता पदात शिरायचं, मध्ये सूर चाचपडत थांबायचं नाही. हा सांधा जमायला तिला तीन आठवडे लागले, गाणं पाठ व्हायला तीन दिवस. मला विचाराल तर ऑडिशन त्या सांध्यातच आहे.

पट्टीचं. ती रियाजाला काळी पाच धरते. बसून, समोर पेटी, डोळे मिटून, छान लागतं. पण उभं राहून, चालत, कुणाशी तरी भांडत तेच गायलं की तार षड्जाला गळा आवळायचा. आता काळी चार धरते. एक पूर्ण सूर खाली. तिला आधी तो कमीपणा वाटला, गाणं ‘पडतं’ म्हणाली. मग दोन्ही पट्ट्यांमधलं रेकॉर्डिंग नावं न सांगता मामीला ऐकवलं. मामीला संगीत कळतं असं नाही. ती म्हणाली, ‘दुसरीतली पोरगी खरंच रडकुंडीला आलीय.’ दुसरं रेकॉर्डिंग काळी चारचं होतं. तेव्हापासून वाद मिटला.

आता जरा अवघड भाग.

मधे ती एका शिबिराला गेली होती. कुठल्या ते राहू द्या. तिथे एका मार्गदर्शकांनी तिला स्वगत म्हणायला लावलं आणि चार ओळींतच थांबवून सगळ्यांदेखत सांगितलं, ‘आधी भाषा सुधार, मग नाटकाचं बघ.’ आजोळ पैठण तालुक्यातलं, घरात ‘कामून’ आणि ‘मह्यं’ चालतं, ‘पाणी’चं ‘पानी’ होतं. घरी आल्यावर आठ दिवस ती माझ्याकडे फिरकली नाही. मामा म्हणाले, बघ, मी म्हणत होतो. एक वर्षाची मुदत तिथेच संपायची वेळ आली होती.

मला यात दोन गोष्टी वेगळ्या वाटतात. सुभद्रा ‘पानी’ म्हणणार नाही, हे खरं. त्या पदासाठी ण आणि न वेगळे यायलाच हवेत, आणि ते जिभेचं काम आहे, तालमीने होतं. तिने केलं. रोज वीस मिनिटं, आरशासमोर, वर्तमानपत्र मोठ्याने वाचून. पण म्हणून घरची बोली म्हणजे धुऊन टाकायचा डाग, हे मला मान्य नाही. आणि निदान या शहरात तरी कुणी तसं म्हणू नये. आपल्याच विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागाचे प्रमुख होते प्रा. लक्ष्मण देशपांडे. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ त्यांचंच. एकटा माणूस, बावन्न पात्रं, आणि मराठवाड्याच्या बोलीवर सगळा महाराष्ट्र हसला, परदेशातले मराठी लोकही हसले. बोली सुधारून ते झालं असतं का?

म्हणून दुसरं गाणं आम्ही मुद्दाम तिच्या आजोळचं घेतलं. एकनाथांचं भारूड. सासुरवाशीण भवानीला नवस बोलते आणि सासरच्या एकेकाला वाटेतून दूर कर म्हणते, ते. पैठण इथून पन्नासेक किलोमीटर, आणि सोळाव्या शतकात तिथे बसून नाथांनी जे लिहिलं ते मला तरी सरळ सरळ संगीत नाटक वाटतं. एक माणूस सोंग घेतो, मागचे ध्रुवपद धरतात, मधे गद्य बोलणं, लोकांशी सवाल-जवाब, आणि शेवटी हसवता हसवता एकदम अध्यात्म. त्या भारुडात दर कडव्याला माणूस बदलतो: सासरा, सासू, जाऊ, नवरा. प्रत्येकाबद्दलचा राग वेगळ्या जातीचा. सासूचा धाक आहे, जावेची असूया आहे. आणि शेवटी सगळे गेल्यावर जे एकटेपण मागितलंय, ते विनोदी राहत नाही. नटाला आणखी काय हवं? ओळी नाथांच्या तशाच ठेवल्या, आणि कडव्यांमधलं गद्य तिने आजीच्या बोलीत स्वतः रचलं. ‘कामून’सकट.

स्वगताबद्दल थोडक्यात. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधली बेणारे आणि मुलांसाठी ‘नटसम्राट’ हे परीक्षकांनी इतक्यांदा ऐकलेलं असतं, की तुमची तुलना थेट मोठ्या नटांशी होते. करूच नये असं नाही, पण तेवढी तयारी हवी. तिने एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’मधली प्रभा घेतली. शिकायची इच्छा असून शिकता न आलेली, वाड्यात अडकून पडलेली मुलगी. का घेतली हे मी विचारलं नाही. या नाटकाची पूर्ण त्रिनाट्यधारा पुढे चंद्रकांत कुलकर्णींनी रंगमंचावर आणली, आणि ते आपल्याच शहरातून गेलेले. ही माहिती तिला तोंडी परीक्षेत कामाला येईल असं मी म्हटलं, तर म्हणाली, ‘दादा, सगळीकडे इंटरव्ह्यू नको दिसू देऊ.’

व्हिडिओ मागितला तर काय, याचं माझ्या खात्यातलं थोडं सांगतो. ब्लूटूथचे इअरफोन लावून ट्रॅकवर गाऊ नका. त्यात आवाज साधारण शंभर-दोनशे मिलिसेकंद उशिरा येतो. १२० च्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे तुम्ही जवळजवळ अर्धी मात्रा मागे पडू शकता आणि दोष तालाच्या ज्ञानाला लागतो. वायरवाला इअरफोन, तोही एकाच कानात. पंखा बंद, फ्रिज बंद, मोबाईल आडवा, तोंडापासून दीड-दोन मीटरवर. रिव्हर्ब नको, सूर दुरुस्त करणारं अ‍ॅप तर अजिबात नको, कारण प्रत्यक्ष बोलावल्यावर तो गळा कुठून आणणार? आणि एका गाण्याचा एकच सलग टेक. कट दिसला की शंका येते.

आणखी एक तयारी, जी फार जण करत नाहीत. ऑडिशनला कितीदा तरी मधेच थांबवून सांगतात, आता हेच वेगळं करून दाखव. पाठ केलेली माणसं तिथे कोसळतात. म्हणून आम्ही चिठ्ठ्या केल्या. ‘शेजारच्या खोलीत बाळ झोपलंय.’ ‘समोरचा तुझं ऐकतच नाहीये.’ ‘तुला हसू दाबायचंय.’ चिठ्ठी उचलायची आणि तेच पद तसं म्हणायचं. सुभद्रा हसू दाबत गायली तेव्हा मी पेटी वाजवायची सोडून दिली होती. त्यातली एक जागा तिने मूळ सादरीकरणातही ठेवली.

गेल्या रविवारी मामा तिला न्यायला आले. तालीम चालू होती, म्हणून बाहेर हॉलमध्येच चहा घेत बसले. दार उघडं होतं. भारूड संपलं, ती बाहेर आली. मामांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, ‘त्या सासऱ्याच्या कडव्यानंतर जरा थांबत जा. लोक हसतील तिथं, पुढचं ऐकू येणार नाही.’

एवढंच. बाकी प्रवेशाबद्दल काहीच बोलले नाहीत.

तारीख आली की पुण्याला जायचंय. बसने पाच-सहा तास, म्हणून आदल्या दिवशीच निघायचं ठरलंय, रात्रभर खिडकीच्या वाऱ्यात बसून सकाळी गायचं नाही. मामी डब्यात लोणचं देणार नाही असं तूर्त तरी म्हणतेय. मामांनी दोघांची तिकिटं काढायला मला सांगितलंय, तिचं आणि त्यांचं स्वतःचं.