परमुलुखाचे नागरिकत्व

आमच्या आईच्या ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीखाली, निळ्या पुठ्ठ्याचा एक जुना पासपोर्ट आहे. त्यावर रद्द झाल्याचा शिक्का मारलेला आहे. तो माझ्या धाकट्या भावाचा. हे पुस्तक आता कोणत्याही वेशीवर चालणार नाही, हे आईला पुरते ठाऊक आहे. तरी दसऱ्याला पाटीपुस्तकांबरोबर ती त्यालाही हळदकुंकू लावते. विचारले तर म्हणते, "असू दे. ह्याच्यावर त्याचं गावाचं नाव आहे."

हे घरगुती बोलणे आज तुमच्यापुढे मांडायला कारण आहे. मी मास्तर माणूस. दर वर्षी जून-जुलैत चार-दोन विद्यार्थी शिफारसपत्रासाठी माझ्या घरी येतात. पूर्वी अमेरिकेसाठी येत, आता ऑस्ट्रेलियासाठीही येतात. चहा होतो, पत्रावर सही होते, आणि उठता उठता प्रश्न येतो, "सर, तिकडे सेटल व्हायला किती वर्षं लागतात हो?" कायद्याचे उत्तर सोपे आहे. अर्ज करण्यापूर्वीची चार वर्षे त्या देशात रीतसर वास्तव्य हवे, आणि त्यांतले शेवटचे एक वर्ष तरी कायम रहिवासी म्हणून काढलेले हवे. झाले उत्तर! पण त्या पोराने विचारलेला प्रश्न हा नव्हता, हे मला कळते आणि त्यालाही कळते.

आधी थोडा इतिहास सांगतो. तो माझा विषय आहे, तेव्हा क्षमा असावी. ज्या देशाच्या दाराशी आज आपली मुले रांगेत उभी आहेत, त्याचे दार एके काळी आपल्या रंगाच्या माणसाला बंद होते. १९०१ साली ऑस्ट्रेलियाचे संघराज्य झाले आणि त्याच वर्षी स्थलांतराला आळा घालणारा कायदा आला. त्यात काळ्या-गोऱ्याचा उल्लेख नव्हता. शुद्धलेखनाची परीक्षा होती! बंदरावरचा अधिकारी पन्नास शब्दांचा उतारा सांगणार आणि आलेल्या माणसाने तो लिहून दाखवायचा. उतारा युरोपातल्या कोणत्या भाषेतला, हे अधिकाऱ्याने ठरवायचे. इंग्रजी येणारा दिसला तर दुसरी एखादी भाषा काढायची, म्हणजे काम झाले. १९३४ साली प्राग शहरी जन्मलेल्या एगॉन किश नावाच्या पत्रकाराला अडवायचे होते. त्याला पुष्कळ भाषा येत. म्हणून स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली गेलिक भाषा त्याच्यापुढे ठेवली. प्रकरण वरच्या कोर्टात गेले आणि ही काही कायद्याला अभिप्रेत असलेली युरोपीय भाषा नव्हे, असा निकाल लागला. परीक्षक नापास झाल्याचे हे उदाहरण मी वर्गात आवडीने सांगतो.

या गोष्टीत पुण्याचाही एक धागा आहे. गोखल्यांच्या मागे भारत सेवक समाजाची धुरा ज्यांनी वाहिली, ते श्रीनिवास शास्त्री १९२२ साली ऑस्ट्रेलियाचा दौरा करून आले. तिथे आधीपासून राहणाऱ्या हिंदी लोकांना मताचा हक्क मिळावा, एवढेच त्यांचे मागणे होते. आणि १९२५ साली कायद्यात बदल होऊन तो मिळाला. नव्याने येणाऱ्यांना मात्र दार बंदच राहिले. ती शुद्धलेखनाची परीक्षा १९५८ च्या कायद्याने गेली. युरोपबाहेरच्या माणसाला नागरिकत्वासाठी पंधरा वर्षे थांबावे लागे, ती मुदत १९६६ साली पाचांवर आली. आणि १९७३ साली वंशाचा विचारच सोडून देण्यात आला. २०२१ च्या तिथल्या जनगणनेत भारतात जन्मलेल्यांची संख्या पावणेसात लाखांच्या आसपास निघाली. ऑस्ट्रेलिया आणि इंग्लंड वगळता इतके लोक दुसऱ्या कोणत्याही देशात जन्मलेले नव्हते. एका आयुष्याच्या मापात बसेल एवढाच हा काळ आहे.

माझा भाऊ २०१२ साली गेला. तो स्थापत्य अभियंता. तिथे माणसाला गुण देतात, परीक्षेतल्यासारखेच. वयाला गुण, इंग्रजीला गुण, शिक्षणाला गुण, अनुभवाला गुण. पंचेचाळिशी गाठली की या वाटेचे दार बंद, म्हणजे मी आता विचार करण्यातही अर्थ नाही. किमान गुण आज ६५ आहेत. प्रत्यक्ष बोलावणे येण्यास पुष्कळदा त्याहून बरेच जास्त लागतात. भाऊ या परीक्षेत चांगल्या रीतीने पास झाला, कायम रहिवासाचा शिक्का घेऊन मेलबर्नला उतरला, आणि सात महिने एका गुदामात रात्रपाळीला खोकी भरत राहिला. ज्या शिक्षणाला सरकारने गुण दिले, ते नोकरी देणाऱ्यांना पुरेना. जिथे जाईल तिथे एकच विचारणा: "इथला अनुभव आहे का?" अहो, पण इथे कोणी कामच दिले नाही तर इथला अनुभव यायचा कुठून? भाड्याने घर घ्यायला गेला तर पूर्वीच्या घरमालकाची चिठ्ठी मागितली. तीस वर्षांचा, पदवीधर, दोन पूल बांधलेला माणूस तिथे कोऱ्या कागदासारखा उभा होता. हे दिवस त्याने पत्रात किंवा फोनवर कधी सांगितले नाहीत. वडिलांना शेवटपर्यंत ते कळले नाही.

पुढे एका लहान कंपनीत काम मिळाले. पहिल्याच दिवशी त्याने वरिष्ठाला 'सर' म्हटले, तर तो गृहस्थ मागे वळून पाहू लागला, की हे कोणाला म्हणतोय! तिथे थोरल्यालाही नावाने हाक मारायची. भावाची जीभ वर्षभर अडखळत होती. आणखी एक मजा सांगतो. शनिवारी जेवायला बोलावले आणि 'ब्रिंग अ प्लेट' असे सांगितले. हे दोघे नवराबायको घरातल्या दोन चांगल्या थाळ्या पुसून, कागदात गुंडाळून घेऊन गेले. त्याचा अर्थ काहीतरी खायचे करून आणा असा असतो, हे दारात पोचल्यावर कळले. माझ्या वहिनीने, म्हणजे नात्याने भावजय, पण मी तिला वहिनीच म्हणतो, पुढच्या वेळी चाळीस आळूवड्या नेल्या. तेव्हापासून त्या बैठकीत तिच्याशिवाय पान हलत नाही म्हणतात.

सर्वांत विचित्र वाटतात ते ऋतू. आपली संक्रांत तिथे ऐन उन्हाळ्यात येते. अंगात ऊब यावी म्हणून आपण तीळगूळ खातो, आणि बाहेर पारा चाळिशीला टेकलेला. उत्तरायण सुरू झाले म्हणून आपण आनंद करतो. तिथे सूर्य उत्तरेला निघाला म्हणजे दूर चालला! उन्हासाठी घराचे तोंड उत्तरेला असलेले बरे मानतात. पंचांग आपले, आकाश त्यांचे. तरी सण होतात, गणपती बसतो, आरतीला टाळ वाजतात. पण कार्तिकातल्या थंडीची आठवण वसंताच्या उन्हात काढायची, हे काही साधत नाही असे भाऊ म्हणतो.

आता जरा अवघड भागाकडे येतो. नागरिकत्वाच्या नियमात दिवस मोजावे लागतात. चार वर्षांत मिळून बारा महिन्यांपेक्षा जास्त देशाबाहेर राहायचे नाही, आणि शेवटच्या वर्षात नव्वद दिवसांपेक्षा जास्त नाही. नेमक्या त्या शेवटच्या वर्षात, २०१६ साली, आमचे वडील आजारी पडले. भाऊ दोनदा आला. पहिल्या खेपेला दवाखान्यात उशाशी बसला, दुसऱ्या खेपेला त्याने खांदा दिला. दहाव्याला काकस्पर्श झाला, आणि त्या संध्याकाळी त्याने खिशातून छोटी वही काढली. तिच्यात तारखा मांडलेल्या होत्या. तो हळूच म्हणाला, "दादा, उद्या निघावं लागेल." मी भडकलो. म्हणालो, "बापाच्या तेराव्यापेक्षा तुझे नव्वद दिवस मोठे झाले का रे?" तो काही बोलला नाही. वही मिटली आणि आत गेला.

थांबला असता तर आभाळ कोसळणार नव्हते. अर्ज तेवढा पुढे गेला असता. पण संघ सरकारच्या नोकरीला तिथे सामान्यतः नागरिकत्व लागते, आणि तशा एका जागेवर त्याचा डोळा होता. घरी दोन वर्षांची मुलगी होती, आणि ते गुदामातले सात महिने तो विसरला नव्हता. हे मला पुढे दोन वर्षांनी, त्याच्या स्वयंपाकघरात बसून बोलताना कळले. माझे ते वाक्य आजही मला बोचते. तुमच्याही घरात कोणी असा वही घेऊन हिशेब करणारा असेल, तर बोलण्यापूर्वी त्याला विचारा तरी.

अर्जानंतर परीक्षा. वीस प्रश्न, शेकडा पंचाहत्तर गुण हवेत. २०२० पासून त्यांतले पाच प्रश्न त्या देशाच्या मूल्यांवर असतात आणि ते पाचही बरोबर यावे लागतात. पुस्तिका सरकार फुकट देते. परीक्षा काही कठीण नव्हे. साठी उलटलेल्यांना ती नाहीच. ज्यांना इंग्रजी जड जाते अशा नव्या रहिवाशांसाठी १९४८ पासून सरकारी वर्ग चालत आले आहेत, आणि दवाखान्यात किंवा कचेरीत अडले तर टेलिफोनवर दुभाषा मिळतो. बाहेरच्या माणसाला बोलते करण्यासाठी एवढा खर्च करणारे सरकार मला तरी शहाणे वाटते.

समारंभ २०१८ च्या २६ जानेवारीला होता. आई आणि मी त्यासाठी गेलो होतो. सव्वीस जानेवारी! नोकरीला लागल्यापासून कॉलेजच्या झेंडावंदनाला मी हजर नाही, असे त्या दिवशी प्रथमच झाले. १७८८ साली याच तारखेला इंग्रजांचे पहिले आरमार सिडनीच्या खाडीत स्थिरावले, म्हणून तो त्यांचा राष्ट्रीय दिवस. मूळच्या आदिवासींना मात्र तो सुतकाचा वाटतो. १९३८ साली त्यांनी सिडनीत तो शोकदिन म्हणून पाळलाही होता. अलीकडे तिथल्या नगरपालिकांना हा समारंभ त्या तारखेच्या तीन दिवस अलीकडे-पलीकडे घेण्याची मुभा मिळाली आहे.

सभागृहात निरनिराळ्या देशांची माणसे होती. नगराध्यक्ष पुढे उभे. शपथेचे दोन मसुदे असतात, एकात ईश्वराचे नाव, दुसऱ्यात नाही. ज्याला जो पटेल तो त्याने म्हणावा. राजाराणीचे नाव १९९४ पासून शपथेत नाही. अर्ज मंजूर झाला तरी ही शपथ तोंडाने म्हटल्याखेरीज नागरिकत्व येत नाही. ते पाऊण मिनिट आई माझा हात धरून होती. मग तिने मला कानात विचारले, "म्हणजे आता हा आपला राहिला नाही का?"

तिच्या प्रश्नाला कायद्याचे उत्तर होते, आणि ते मला द्यावे लागले. ऑस्ट्रेलिया २००२ पासून आपल्या लोकांना दुसरे नागरिकत्व ठेवू देते. आपली राज्यघटना ते मानत नाही. परदेशाचे नागरिकत्व स्वखुषीने घेतले की आपले आपोआप संपते. पासपोर्ट वकिलातीकडे देऊन रद्द करून घ्यायचा. मग परदेशस्थ भारतीयाचे कार्ड मिळते. त्यावर हवे तेव्हा यावे, हवे तितके राहावे. मत मात्र देता येत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली राहते. आमच्या सातबाऱ्यावर त्याचे नाव आहे, हे ऐकल्यावर आईचा हात जरा सैल झाला.

तिकडे मत देणे सक्तीचे आहे. न दिले तर वीस डॉलर दंड होतो. मतदान शनिवारी, बहुधा शाळेत. अंगणात चूल पेटवून पावात मांस घालून विकतात. भाऊ शाकाहारी, तो नुसता परतलेला कांदा घेतो. आपल्याकडे त्याने दोनदाच मत दिले होते. तिथे अजून एकही चुकवलेले नाही.

सगळे गोड आहे असे मी म्हणणार नाही. २००९ साली मेलबर्नमध्ये आपल्या विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, ते तुम्हाला आठवत असेल. २०२१ च्या मे महिन्यात, करोनाची लाट असताना, भारतातून परतणाऱ्या स्वतःच्या नागरिकांनाही सरकारने बारा-तेरा दिवस बंदी केली. मोडल्यास दंड आणि तुरुंग. शपथ घेतलेले कितीतरी लोक त्या वेळी इकडे अडकले होते. आणि २०२५ च्या ऑगस्टअखेर तिथल्या शहरांत परकीयांविरुद्ध मोर्चे निघाले. त्यांच्या पत्रकांत भारतीयांचा नावानिशी उल्लेख होता. त्या रविवारी मी फोन केला. भाऊ म्हणाला, "आज घरीच आहोत. उद्या कामावर जाणार." मी अधिक विचारले नाही.

समारंभानंतर प्रत्येकाला एक रोपटे दिले होते. तशी तिथे पुष्कळ ठिकाणी रीत आहे. भावाच्या वाट्याला वॉटल आले, त्यांचे राष्ट्रीय फूल. कुंडीला चित्राची पट्टी होती, पिवळ्या गोंडेदार फुलांची. आईने चष्मा लावून पाहिले आणि म्हणाली, "अरे, ही तर बाभूळ!" तिचे फारसे चुकले नव्हते, कूळ तेच आहे. मग तिने बजावले की दारापुढे लावू नका, परसात लावा. ते परसातल्या कुंपणाशी लावले. आता कुंपणाच्या वर गेले आहे. गणपतीच्या सुमारास फुलते, आणि भाऊ आईला फोटो पाठवतो.